सोडियम डायक्रोमेट : गुणधर्म, उत्पादन, धोके आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा

सारांश

सोडियम डायक्रोमेट हे षट्संयुजी क्रोमियमचे संयुग असून क्रोमियमवर आधारलेल्या जवळजवळ सर्व रासायनिक उद्योगांचा ते पाया आहे. प्रबळ ऑक्सिडीकारक म्हणून त्याचे जे गुण उपयोगी ठरतात, तेच गुण सजीव पेशीला घातक ठरतात. प्रस्तुत लेखात या संयुगाचे गुणधर्म, क्रोमाइट खनिजापासून होणारे त्याचे उत्पादन, मानवी आरोग्यावरील परिणाम आणि उत्पादनानंतर मागे राहणाऱ्या अवशेषांचा प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे. त्याचे भावंड असलेले पोटॅशियम डायक्रोमेट महाविद्यालयीन प्रयोगशाळांत नित्य वापरले जाते. त्यामुळे प्रयोगशाळेतील उरलेल्या द्रावणांचे निर्विषीकरण कसे करावे, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : षट्संयुजी क्रोमियम, ऑक्सिडीकारक, क्रोमाइट, क्षपण, प्रयोगशाळा सुरक्षा

१. प्रस्तावना

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोलस वोकलँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या तांबड्या शिशाच्या खनिजाचे पृथक्करण करताना एका नव्या धातूचा शोध लावला. त्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी, जांभळी अशा विविध रंगांची असल्यामुळे रंगवाचक ग्रीक शब्दावरून त्या धातूला क्रोमियम हे नाव मिळाले. हा रंगांचा पालट म्हणजे क्रोमियमच्या संयुजेतील बदलाचे दृश्य रूप होय. त्रिसंयुजी क्रोमियमची संयुगे सामान्यतः हिरवी किंवा जांभळी, तर षट्संयुजी संयुगे पिवळी, नारिंगी किंवा गडद तांबडी असतात.

या दोन अवस्थांमधील फरक केवळ रंगापुरता मर्यादित नाही. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी आहे, तर षट्संयुजी क्रोमियम मानवात कर्करोग निर्माण करणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. म्हणून 'पाण्यात क्रोमियम आढळले' हे विधान अपुरे ठरते. ते कोणत्या अवस्थेत आढळले, हा खरा प्रश्न असतो.

२. भौतिक व रासायनिक गुणधर्म

सोडियम डायक्रोमेट बाजारात प्रामुख्याने दोन रेणू स्फटिकजल असलेल्या स्वरूपात मिळते. त्याचे स्फटिक नारिंगी-तांबड्या रंगाचे असून रेणुभार सुमारे २९८ आहे. निर्जल रूपाचा रेणुभार २६२ आहे. सुमारे ८५ अंश सेल्सिअसच्या वर हे स्फटिक आपले पाणी गमावू लागतात. निर्जल सोडियम डायक्रोमेट सुमारे ३५७ अंशांना वितळते व ४०० अंशांच्या आसपास त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो. ते पाण्यात अत्यंत विद्राव्य आहे आणि दमट हवेतील ओलावा शोषून पाझरते.

पोटॅशियम डायक्रोमेट याबाबतीत वेगळे वागते. २० अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात ते केवळ १२ ते १३ ग्रॅम विरघळते, परंतु उकळत्या पाण्यात सुमारे १०० ग्रॅमपर्यंत विरघळते. त्यामुळे पुनःस्फटिकीकरणाने ते सहज शुद्ध करता येते. शिवाय ते हवेतील ओलावा शोषत नाही, म्हणून अनुमापनात त्याला प्राथमिक प्रमाण पदार्थाचा दर्जा मिळाला आहे. उद्योगात स्वस्त व अतिविद्राव्य सोडियम लवण आणि प्रयोगशाळेत तोलून घेण्यास विश्वसनीय पोटॅशियम लवण, ही विभागणी या गुणधर्मांतून निर्माण झाली आहे.

द्रावणात क्रोमेट व डायक्रोमेट या दोन आयनांमध्ये समतोल असतो. आम्ल मिसळल्यास क्रोमेटचे दोन आयन एकत्र येऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व नारिंगी डायक्रोमेट तयार होते. अल्क मिसळल्यास ही क्रिया उलट दिशेने होऊन द्रावण पिवळे पडते. पिवळे द्रावण सौम्य असल्याचा समज विद्यार्थ्यांत आढळतो, पण तो चुकीचा आहे. या रंगबदलात क्रोमियमची संयुजा बदलत नाही. दोन्ही रूपे सारखीच षट्संयुजी व विषारी आहेत.

आम्लधर्मी द्रावणात डायक्रोमेटचा एक आयन १४ हायड्रोजन आयनांच्या साहाय्याने ६ इलेक्ट्रॉन स्वीकारतो. त्यापासून त्रिसंयुजी क्रोमियमचे २ आयन व पाण्याचे ७ रेणू तयार होतात. या क्रियेचे प्रमाण विभव +१.३३ व्होल्ट आहे. फेरस आयन, अल्कोहोल, सल्फाइट अशा अनेक पदार्थांचे डायक्रोमेट जलद ऑक्सिडीकरण करते. अल्कधर्मी द्रावणात मात्र हे सामर्थ्य फारच घटते. निर्विषीकरणाच्या पद्धतीचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

डायक्रोमेट स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनशील पदार्थाला ऑक्सिजन पुरवून आग भडकवते. लाकडाचा भुसा, कागद, तेलकट चिंध्या, गंधक किंवा सेंद्रिय द्रावक यांच्या सान्निध्यात त्याची साठवण करणे धोक्याचे असते. याच कुळातील क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजे व्यवहारातील क्रोमिक आम्ल, याबाबत अधिक उग्र आहे. त्याच्या कोरड्या स्फटिकांवर अल्कोहोल पडल्यास ते तत्काळ पेट घेऊ शकते.

३. औद्योगिक उत्पादन

सोडियम डायक्रोमेटचा मूळ कच्चा माल क्रोमाइट हा आहे. लोह व क्रोमियम यांचे हे संयुक्त ऑक्साइड काळपट, जड आणि रासायनिकदृष्ट्या अत्यंत चिवट असते. भारतातील क्रोमाइटचे बहुतांश साठे ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली परिसरात तसेच भंडारा-नागपूर पट्ट्यात त्याचे लहान साठे आढळतात.

उत्पादनाचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) भर्जन : बारीक दळलेले क्रोमाइट सोडा ॲशमध्ये मिसळून फिरत्या भट्टीत हवेच्या पुरवठ्यात सुमारे १,००० ते १,२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. क्रोमाइटच्या ४ रेणूंची सोडियम कार्बोनेटच्या ८ व ऑक्सिजनच्या ७ रेणूंशी क्रिया होऊन सोडियम क्रोमेटचे ८, फेरिक ऑक्साइडचे २ व कार्बन डायऑक्साइडचे ८ रेणू मिळतात. संपूर्ण प्रक्रियेतील निर्णायक पायरी हीच आहे. भूगर्भात स्थिर असलेले त्रिसंयुजी क्रोमियम येथे प्रथम षट्संयुजी होते. खनिजातील निरुपद्रवी क्रोमियमला विषारी व पाण्यात वाहून जाण्याजोगे रूप भट्टीत मिळते.

(आ) निक्षालन : भाजलेला माल पाण्यात घातला असता सोडियम क्रोमेट विरघळते व लोहाचे ऑक्साइड, न बदललेले खनिज आणि इतर अविद्राव्य घटक गाळात राहतात. द्रावणाची आम्लता नियंत्रित करून त्यातील ॲल्युमिनियम वेगळे काढतात.

(इ) आम्लीकरण : पिवळ्या द्रावणात सल्फ्युरिक आम्ल मिसळले असता क्रोमेटचे डायक्रोमेट होते व सोडियम सल्फेट हे उपउत्पादन मिळते. काही कारखान्यांत आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइड दाबाखाली वापरतात. त्यातून मिळणारे सोडियम बायकार्बोनेट पुन्हा भर्जनासाठी उपयोगात आणता येते.

(ई) संहतीकरण व स्फटिकीकरण : द्रावण आटवताना कमी विद्राव्य सोडियम सल्फेट आधी बाहेर पडते. ते वेगळे काढून उरलेले द्रावण थंड केले असता डायक्रोमेटचे स्फटिक मिळतात.

या लवणावर पोटॅशियम क्लोराइडची क्रिया करून पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून क्रोमियम ट्रायऑक्साइड मिळवतात.

समीकरणानुसार १ टन शुद्ध क्रोमाइटपासून सुमारे १.३३ टन सजल सोडियम डायक्रोमेट मिळावयास हवे. प्रत्यक्षात खनिज शुद्ध नसते व रूपांतरही पूर्ण होत नाही. जुन्या पद्धतीत भट्टीतील माल चिकटू नये व त्यात हवा खेळती राहावी म्हणून मोठ्या प्रमाणात चुनखडी किंवा डोलोमाइट मिसळत असत. त्यामुळे गाळाचे प्रमाण अतोनात वाढे. इतकेच नव्हे, तर त्यात कॅल्शियम क्रोमेट तयार होई. हे संयुग सावकाश विरघळणारे असून त्याची कर्करोगकारकता अधिक मानली जाते. चुनाविरहित पद्धतीत हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला आहे.

४. उपयोग

कातडी कमावण्यासाठी लागणारे बेसिक क्रोमियम सल्फेट डायक्रोमेटच्या क्षपणाने तयार होते. जगातील बहुसंख्य चामडे या क्रोम पद्धतीने कमावले जाते. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक चामडे मात्र बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिनने कमावलेले असते, हा महाराष्ट्रातील लक्षणीय अपवाद आहे. याखेरीज क्रोमचा मुलामा, लेड क्रोमेटसारखी पिवळी रंगद्रव्ये, धातूंचे गंजरोधन, लाकूड टिकवण्याची मिश्रणे आणि सेंद्रिय ऑक्सिडीकरण यांत ही संयुगे वापरली जातात. यातील कातडी कमावण्यात अंतिम पदार्थातील क्रोमियम त्रिसंयुजी असते, तर मुलाम्याच्या टाकीत ते षट्संयुजी रूपातच असते. त्यामुळे मुलाम्याच्या छोट्या कारखान्यांतील कामगाराला धोका अधिक संभवतो.

५. मानवी आरोग्यावरील परिणाम

क्रोमेट आयनाची रचना सल्फेट व फॉस्फेट आयनांसारखी चतुष्फलकीय असते. पेशीला आवश्यक असलेले हे आयन ज्या मार्गाने पेशीत प्रवेश करतात, त्याच मार्गाने क्रोमेटही आत शिरते. त्रिसंयुजी क्रोमियमला हा मार्ग सहजासहजी उपलब्ध होत नाही. पेशीत शिरलेल्या षट्संयुजी क्रोमियमचे ॲस्कॉर्बिक आम्ल, ग्लुटाथायोन इत्यादींमुळे पंचसंयुजी, चतुःसंयुजी व अखेर त्रिसंयुजी अवस्थेत क्षपण होते. या प्रवासात निर्माण होणारे क्रियाशील घटक आणि शेवटी तयार होणारे त्रिसंयुजी क्रोमियम डीएनएला जोडले जाऊन त्याची हानी करतात. बाहेर निरुपद्रवी असलेले त्रिसंयुजी रूप अशा रीतीने पेशीच्या आत घातक ठरते.

तात्कालिक परिणामही गंभीर आहेत. डायक्रोमेट काही ग्रॅम पोटात गेल्यास अन्नमार्ग भाजून निघतो, मूत्रपिंडे निकामी होतात व मृत्यू ओढवू शकतो. त्वचेवरील लहान जखमेतून ते आत गेल्यास खोल, सावकाश भरणारे व्रण होतात. वारंवार संपर्काने त्वचेला ॲलर्जी जडते आणि एकदा जडलेली ॲलर्जी बहुधा कायमची असते. गवंडीकाम करणाऱ्यांच्या हातांना होणाऱ्या त्वचारोगामागे सिमेंटमधील अल्पसे क्रोमेट हे एक कारण आहे. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकापासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले जाऊ लागले. युरोपीय संघाने जानेवारी २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमवर दशलक्ष भागांत २ भाग ही मर्यादा घातली.

श्वासावाटे होणारा दीर्घकालीन संपर्क सर्वाधिक घातक ठरतो. स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या शॉफील्ड येथील क्रोमेट कारखान्यातील कामगारांच्या नाकातील पडदा झिजून त्याला आरपार भोके पडत. आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तास चालणारे तेथील काम मजूर नेते केअर हार्डी यांनी १८९९ मध्ये पत्रकांद्वारे चव्हाट्यावर आणले. त्या कारखान्याचे मालक धर्मकार्याला मुक्तहस्ते देणग्या देणारे म्हणून प्रसिद्ध होते. ग्लासगोतच क्रोमच्या कामगाराला झालेल्या नाकाच्या कर्करोगाची नोंद १८९० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. अमेरिकेतील क्रोमेट कामगारांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्संयुजी क्रोमियमच्या संयुगांचा समावेश मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला. पहिल्या नोंदीपासून या निष्कर्षापर्यंत पूर्ण शंभर वर्षे लोटली.

पिण्याच्या पाण्यावाटे होणाऱ्या परिणामांबाबत दीर्घकाळ मतभेद होते, कारण जठरातील आम्लरस षट्संयुजी क्रोमियमचे काही अंशी क्षपण करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र पाण्यातून सोडियम डायक्रोमेट दिलेल्या मोठ्या उंदरांच्या तोंडात व लहान उंदरांच्या लहान आतड्यात गाठी आढळल्या.

६. अवशेषांचा प्रश्न

क्रोमेट कारखाना बंद पडला तरी त्याचा गाळ कार्यरत राहतो. जुन्या पद्धतीचा गाळ तीव्र अल्कधर्मी असतो. त्यातील क्रोमेट पावसाच्या पाण्याबरोबर वर्षानुवर्षे पाझरत राहते. अल्कधर्मी परिस्थितीत क्रोमेटचे क्षपण सहज होत नसल्याने निसर्गाकडूनही त्याचे निर्विषीकरण मंदावते.

शॉफील्डचा कारखाना १९६० च्या दशकात बंद झाला, परंतु त्याचा गाळ परिसरात भरावासाठी वापरला गेला होता. तेथील पोलमडी ओढ्याचे पाणी २०१९ व २०२१ मध्येही गडद हिरवट-पिवळे झाले. टोकियोत कोटो व एदोगावा भागांत पुरलेल्या क्रोमियमच्या मळीचे प्रकरण १९७० च्या दशकात उघडकीस आले. कॅलिफोर्नियातील हिंकली येथे १९५२ ते १९६६ या काळात शीतक मनोऱ्यांतील गंज रोखण्यासाठी वापरलेले षट्संयुजी क्रोमियम भूजलात मुरले. त्याबाबतचा दावा १९९६ मध्ये ३३.३ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

भारतातील बोलके उदाहरण तमिळनाडूतील राणीपेटचे आहे. तेथील क्रोमेटचा कारखाना १९९० च्या दशकाच्या मध्यास बंद पडला, पण सुमारे दीड लाख टन किंवा त्याहूनही अधिक क्रोमियमयुक्त कचरा आवारात उघड्यावर राहिला व भूजल दूषित झाले. ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये राणीपेटची व २००७ मध्ये सुकिंदाची गणना जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांत केली. एक ठिकाण रसायनाच्या कारखान्याचे, दुसरे खनिजाच्या खाणींचे. साखळीची दोन्ही टोके अशा रीतीने एकाच देशात दूषित झाली.

७. मर्यादा व नियम

भारतीय पेयजल मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेतील षट्संयुजी क्रोमियमची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५२ मायक्रोग्रॅमवरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष परवानगीखेरीज करता येईनासा झाला. कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर २०२४ पासून पेयजलातील षट्संयुजी क्रोमियमसाठी लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही स्वतंत्र मर्यादा लागू केली. मर्यादा उत्तरोत्तर कडक होत गेल्या आहेत.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळा

पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकांत ०.१ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण सर्रास वापरले जाते. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ४.९ ग्रॅम लवण, म्हणजे १.७३ ग्रॅम षट्संयुजी क्रोमियम असते. अनुमापन संपल्यावर एका विद्यार्थ्याकडे ब्युरेट व चंचुपात्र मिळून ५० मिलिलिटर द्रावण उरले व ते बेसिनमध्ये ओतले गेले, तर सुमारे ८७ मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम गटारात जाते. पेयजलाच्या मर्यादेशी तुलना करता ते सुमारे १,७३० लिटर पाणी मर्यादेच्या काठावर आणण्यास पुरेसे आहे. वीस विद्यार्थ्यांच्या एका तुकडीसाठी हाच आकडा सुमारे ३५,००० लिटर होतो. अनुमापनाच्या शंकुपात्रातील हिरव्या द्रावणात क्रोमियम बहुतांशी त्रिसंयुजी झालेले असते. खरा धोका न वापरलेल्या नारिंगी द्रावणात असतो आणि बेसिनमध्ये नेमके तेच ओतले जाते.

निर्विषीकरणाची कृती सोपी व अल्पखर्चाची आहे. उरलेली सर्व द्रावणे एका खूण केलेल्या बरणीत जमा करावीत. विरल सल्फ्युरिक आम्लाने त्यांचे पीएच मूल्य २ ते ३ वर आणून त्यात ढवळत फेरस सल्फेट मिसळावे. ०.१ नॉर्मल द्रावणाच्या एका लिटरसाठी सैद्धांतिकदृष्ट्या २७.८ ग्रॅम सजल फेरस सल्फेट लागते. प्रत्यक्षात सुमारे ३५ ग्रॅम घ्यावे. नारिंगी रंग जाऊन द्रावण हिरवे झाल्यावर डायफेनिलकार्बाझाइडने चाचणी घ्यावी. जांभळट-तांबडा रंग न आल्यास क्षपण पूर्ण झाले असे समजावे. त्यानंतर चुन्याच्या निवळीने किंवा सौम्य अल्काने पीएच ८ ते ९ करून क्रोमियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप बसू द्यावा. हा क्रम बदलू नये. आधी अल्क मिसळल्यास क्रोमेट द्रावणातच राहते व स्वच्छ दिसणाऱ्या निवळीतून निसटते. मिळालेला गाळ तापवू नये, त्यात विरंजक चूर्ण मिसळू नये. तो सुकवून अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे सोपवावा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी सामाईक केंद्रे उभारण्यात आली आहेत.

रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या चाचणीतील सांडपाण्याबाबत वेगळी काळजी आवश्यक आहे. फेरस अमोनियम सल्फेटच्या अनुमापनाने त्यातील डायक्रोमेटचे क्षपण होते, परंतु पारा व चांदी शिल्लक राहतात. ते सांडपाणी स्वतंत्र साठवावे.

आणखी दोन जुन्या प्रथांचा फेरविचार व्हावयास हवा. पहिली प्रथा काचेची उपकरणे धुण्यासाठी डायक्रोमेट व संहत सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण वापरण्याची. नित्याच्या उपकरणांसाठी प्रयोगशाळेचा डिटर्जंट व हट्टी डागांसाठी विरल नायट्रिक आम्ल बहुधा पुरेसे असते. दुसरी प्रथा विज्ञान प्रदर्शनातील अमोनियम डायक्रोमेटच्या 'ज्वालामुखी'ची. त्यातून उडणाऱ्या हिरव्या राखेत न बदललेल्या डायक्रोमेटचे कण असतात आणि ते समोर उभ्या असलेल्या मुलांच्या श्वासात जातात. हे प्रात्यक्षिक चित्रफितीद्वारे दाखवणे श्रेयस्कर.

यासंदर्भात प्रयोगशाळा परिचराचा विचार सहसा होत नाही. विद्यार्थी वर्षातून मोजके तास डायक्रोमेट हाताळतो. परिचर मात्र ते लवण तोलतो, द्रावणे बनवतो, सांडलेले पुसतो आणि उपकरणे धुतो, तेही वर्षानुवर्षे. नायट्राइल हातमोजे, चष्मा, तोलताना मुखपट्टी आणि बाटलीवर मराठीतून लिहिलेली धोक्याची सूचना या किमान सुविधा त्याला मिळावयास हव्यात. हातावरील न भरणारी जखम किंवा नाकातून वारंवार येणारे रक्त या तक्रारी त्याने सांगितल्यास त्या क्षुल्लक समजू नयेत.

९. समारोप

सोडियम डायक्रोमेटचा त्याग एका झटक्यात करणे उद्योगांना शक्य नाही. तथापि षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत रूपांतर करण्याचे ज्ञान जुने, सोपे व स्वस्त आहे. राणीपेट व शॉफील्ड येथे उणीव या ज्ञानाची नव्हती. गाळाची जबाबदारी वेळीच कोणी स्वीकारली नाही, ही उणीव होती. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील प्रमाण लहान असले तरी प्रश्नाचे स्वरूप तेच आहे. डायक्रोमेटच्या अनुमापनाबरोबर उरलेल्या द्रावणाचे क्षपण हाही प्रात्यक्षिकाचाच भाग केला, तर विद्यार्थी एकाच तासात ऑक्सिडीकरण-क्षपणाची अभिक्रिया आणि तिच्या कचऱ्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी शिकेल. त्यासाठी नव्या उपकरणाची गरज नाही. एक झाकणाची बरणी, फेरस सल्फेटची बाटली आणि प्रात्यक्षिक वहीत दोन ओळींची भर एवढे पुरेसे आहे.